सात की साठ

सकाळी साडेसात

आमच्या हुमनाबादच्या डाळ मिलचं ऑफिस नऊला उघडतं, पण मी साडेसातलाच येऊन बसते. हिशोबपट्ट्या तपासणं, बँकेचा मेळ घालणं, हमालांचा आठवड्याचा बटवडा काढणं, ही डोकं एका जागी ठेवून करायची कामं. ती या दीड तासात उरकली तर उरकली. नऊनंतर आकडे डोळ्यांना दिसतात, पण डोक्यात शिरत नाहीत.

शांतता म्हणावी तर ती आताही नाही. मिल सहालाच सुरू झालेली असते. भिंतीपलीकडे चाळण्या हलत असतात, एमरीचे रोलर तुरीची सालं खरवडत असतात, एलिव्हेटरच्या वाट्या माल वर नेत असतात, आणि या सगळ्याचा मिळून एक सलग घरघराट ऑफिसभर भरलेला असतो. तो मला नडत नाही. चढउतार नसलेला आवाज थोड्या वेळाने कान आपोआप बाजूला टाकतात. नडतं ते माणसांचं बोलणं, आणि बोलणारी माणसं अजून चहाच्या गाड्यावर आहेत.

आवाजाची गोष्ट निघाली की डेसिबलचा आकडा येतोच. राष्ट्रीय इमारत संहितेत मोठी सार्वजनिक ऑफिसं, बँका आणि दुकानं यांच्यासाठी आतला आवाज ४५ ते ५० डेसिबल धरलेला आहे, लहान ऑफिसांसाठी ३५ ते ४०. मिलला चिकटलेल्या ऑफिसाने पस्तिसाचा विचारही करू नये. माझ्या मोबाइलवर एक मोजणीचं ॲप आहे. मोबाइलचा माइक मोजमापासाठी बनवलेला नसतो, त्यामुळे ते दाखवेल तो आकडा मी कुणाला छातीठोकपणे सांगणार नाही. कालच्यापेक्षा आज कमी की जास्त, एवढं कळायला ते पुरतं. पण ॲपने साठ दाखवले आणि ती पंख्याची घरघर असली, तर माझी बेरीज चालू राहते. तेच साठ ‘सातशे पोती उतरली का हो?’ या सवालाचे असले, तर बेरीज तिथेच मोडते. हा फरक कुठल्या ॲपला कळत नाही.

नऊ

हमाल येतात आणि थप्पीला हात लागतो. मिल आणि ऑफिस यांच्यामध्ये गोदामाचा एक पट्टा आहे. मोसमात, म्हणजे जानेवारीपासून पुढे, आवक वाढते आणि तुरीच्या पोत्यांची थप्पी तिथे पत्र्यापर्यंत जाते. तेवढे दिवस आमचं ऑफिस बऱ्यापैकी शांत असतं. आवाज अडवायला वजन लागतं. भिंतीचं वजन दुप्पट केलं की पलीकडे जाणारा आवाज पाच-सहा डेसिबलने उतरतो असा साधारण हिशोब आहे. गच्च भरलेल्या पोत्यांची जाड थप्पी म्हणजे फुकटात मिळालेली भिंतच. मात्र ती विकाऊ भिंत आहे. भाव चढला की सावकार, म्हणजे आमचे मालक, माल काढतात आणि ऑफिसातला आवाज वाढतो. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने तुरीच्या साठ्यावर मर्यादा घातली: मिलवाल्यांनी मागच्या तीन महिन्यांच्या उत्पादनाइतका किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यांतला जो जास्त असेल तेवढाच माल ठेवायचा. साठेबाजी रोखायला काढलेल्या हुकमाने एका हिशोबनिसाचे कान किटतील, हे दिल्लीत कुणाच्या ध्यानात येणार?

विकाऊ भिंतीवर कायमचा भरवसा ठेवता येत नाही म्हणून दाराकडे वळलो. गोदामाकडचं दार जुनं सागवानी, चांगलं जड, पण खाली बोटभर फट आणि चौकटीत वरही उजेड दिसायचा. भिंत कितीही जाड असली तरी तिच्या शंभराव्या हिश्श्याएवढी जागा उघडी राहिली, तर वीसेक डेसिबलच्या वर काही अडत नाही. आवाज त्या फटीतून सुखाने येतो. मिलमध्ये जुन्या पट्ट्यांचं रबर पडलेलंच असतं. त्याची पट्टी कापून दाराच्या तळाला ठोकली आणि चौकटीला दुकानात मिळणारी मऊ पट्टी चिकटवली. खर्च सांगण्यासारखा नाही. या ऑफिसात आवाजावर जेवढा पैसा गेला, त्यातला सगळ्यात सार्थकी लागलेला हाच.

दहा

आता गाड्या. पुणे–हैदराबाद हा ६५ क्रमांकाचा महामार्ग आणि नांदेड–बीदरकडून कलबुर्गीकडे जाणारा ५० क्रमांकाचा, हे दोन्ही हुमनाबादला येतात. कुठलाही ट्रक कुठूनही येतो आणि ड्रायव्हर आपापली भाषा घेऊन उतरतो. पूर्वी काटा झाला की ड्रायव्हर, क्लीनर, मालासोबत आलेला शेतकरी आणि त्याचा मेहुणा असे सगळे पावतीसाठी ऑफिसात यायचे. खोलीत बसायला दोन खुर्च्या. उरलेले उभे राहून बोलायचे, आणि उभ्या माणसाचा आवाज बसलेल्यापेक्षा मोठाच असतो.

त्यात खोली कशी, तर खाली शहाबादी, भिंतींना गुळगुळीत गिलावा, वर पत्रा, कडेने लोखंडी कपाटं. शहाबाद आमच्याच पट्ट्यातलं, त्यामुळे या भागातल्या जुन्या घराला, मठाला, कचेरीला तीच फरशी. उन्हाळ्यात पायाला गार लागते, झाडूच्या एका फटक्यात स्वच्छ होते. आवाज मात्र ती जवळजवळ सगळाच्या सगळा परत फेकते. विजापूरच्या गोलघुमटात टाळी वाजवून माणूस प्रतिध्वनी मोजतो आणि खूश होतो. ऑफिसात तोच प्रकार झाला की डोकं उठतं.

यावर उपाय म्हणून सुताराने अंड्यांचे ट्रे सुचवले. कुठल्या तरी व्हिडिओत पाहिले म्हणे. अंड्यांच्या ट्रेने मिलचा आवाज अडत नाही. ते वजनाला हलके, त्यांच्यातून आवाज आरपार जातो. आवाज अडवणं वेगळं आणि आवाज शोषणं वेगळं. अडवायला वजन हवं आणि फट नको. शोषायला मऊ, सच्छिद्र, जाडसर काहीतरी हवं, आणि त्याने फक्त खोलीतल्या खोलीत घुमणारा आवाज कमी होतो. हे शास्त्र गाद्यांपासून सुरू झालं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग म्युझियमच्या व्याख्यानगृहात वक्त्याचं बोलणं कुणाला कळेना. एक शब्द उच्चारला की तो साडेपाच सेकंद घुमत राहायचा. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाने जवळच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री आणून त्या सभागृहात मांडल्या, ऑर्गनची नळी वाजवली, हातात घड्याळ धरलं, आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं याचं गणित बसवलं. सकाळी गाद्या परत नेऊन ठेवायच्या.

आमच्याकडे गाद्या नाहीत, बारदाना आहे. तागाची पोती म्हणजे शोषून घेणाऱ्या मालाचा उत्तम नमुना. सुताराकडून लाकडी चौकटी करून घेतल्या, त्यांत कोऱ्या पोत्यांच्या घड्या भरल्या आणि माझ्या टेबलाच्या मागच्या आणि समोरच्या भिंतीवर त्या ठोकल्या. पोती कोरीच हवीत. वापरलेल्या बारदान्यात भुशाची धूळ असते, तिच्यामागे किडे आणि किड्यांमागे उंदीर. विजेच्या वायरीपासूनही त्या लांब ठेवल्या. ताग पेटायला वेळ लागत नाही. बाहेरून आलेला एक अडत्या चौकटी पाहून म्हणाला, ‘गोदाम भरलं का हो, पोती भिंतीला टांगलीत ती?’ हसू दे. खोलीतलं घुमणं कमी झालं. मिलचा आवाज होता तेवढाच राहिला, आणि तो तेवढाच राहणार हे आम्हाला आधीपासून ठाऊक होतं.

त्याहून मोठा फरक खिडकीने पडला. काट्याच्या बाजूला भिंत फोडून पावतीची खिडकी काढली, बाहेर पत्र्याची सावली आणि एक बाक. आता ड्रायव्हर आत येत नाही. मात्र खिडकीने नवीनच त्रास सुरू केला होता. गवंड्याने काच बसवली ती एका गोल भोकासकट, आणि भोक माझ्या कपाळाच्या उंचीवर. बाहेरचा ओरडायचा, मी आतून ओरडायची. पोस्टात, बँकेत, रेल्वेच्या खिडकीवर हाच खेळ चालतो. काच लावायची शांततेसाठी आणि मग तिच्यापलीकडे आरडाओरडा करायचा. शेवटी काच उतरवून भोक बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर पाडलं, खाली कागद सरकवायला फट ठेवली, आणि बाहेर बसणाऱ्याचं तोंडही त्याच पातळीवर येईल असा बाक सरकवला. आता दोघंही नेहमीच्या आवाजात बोलतो.

पावती छापणारा प्रिंटर जुन्या पद्धतीचा, टिकल्या ठोकणारा. तो बदलावा असं प्रत्येक नवीन माणूस सुचवतो. पण तीन प्रती एकदम निघायला हव्यात, एक ड्रायव्हरला, एक काट्यावर, एक मला, आणि कार्बनवर ठोकल्याशिवाय तिसरी प्रत उमटत नाही. त्याचा निम्मा आवाज त्याचा नव्हताच, त्याच्याखालच्या लोखंडी टेबलाचा होता. पत्र्याचं टेबल प्रिंटरबरोबर थरथरून वाजायचं. त्याच्याखालीही पट्ट्याच्या रबराचा तुकडा गेला.

अकरा

भावाची वेळ. कलबुर्गी, लातूर, सोलापूर, अकोला, हैदराबाद, सगळीकडून फोन येतात. सावकारांची तरुणपणची सवय ट्रंककॉलची आहे. अकोला लांब, म्हणून अकोल्याशी मोठ्याने बोलायचं. कलबुर्गी जवळ, म्हणून जरा हळू. आता मोबाइल हातात आहे, पण अंतराचा हिशोब डोक्यातून गेलेला नाही.

नोकरीत असलेल्या माणसाला मालकाला ‘हळू बोला’ असं सांगता येत नाही. सांगायचंच झालं तर वेगळ्या वाटेने सांगावं लागतं. मी म्हटलं, ‘सावकार, तुमचा भाव खिडकीबाहेर बाकावर बसलेल्याला ऐकू जातो.’ त्या दिवसापासून भावाचे फोन मागच्या ओट्यावर, लिंबाच्या सावलीत होतात. तिथे खुर्ची आली, पाण्याचा माठ आला, चार्जिंगचं बटण आलं. ऑफिसातला सगळ्यात मोठा आवाज बाहेर गेला आणि सावकारांच्या दृष्टीने ही व्यवस्था गुप्ततेसाठी झाली.

फोनवरचं बोलणं समोरासमोरच्या गप्पांपेक्षा जास्त का खुपतं, याचा कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रयोग केला. दोघांचं पूर्ण संभाषण ऐकू येत असलेल्यांपेक्षा एकाच बाजूचं बोलणं ऐकू येणाऱ्यांच्या कामात जास्त चुका झाल्या. अर्धंच ऐकलेलं वाक्य डोकं पूर्ण करू पाहतं. समोरचा काय म्हणाला असेल, याच्या शोधात ते आपलं काम सोडून निघून जातं. ऑफिसात दोन माणसं गप्पा मारत असली तर मी कामात राहते. एकच माणूस ‘हो... नाही... किती? मग त्याला काय सांगितलंस?’ करत असला की माझं सगळं लक्ष तिकडे.

यात आमच्या गावाची म्हणून एक वेगळी अडचण आहे. पुण्या-मुंबईच्या ऑफिसात शेजारचा तमिळ बोलला तर त्याचं बोलणं नुसता आवाज म्हणून कानावरून जातं. इथे तशी सवलत नाही. निजामाच्या राज्यातला हा जुना बीदर जिल्हा; १९५६ मध्ये त्याचे तुकडे झाले, उदगीर-निलंगा मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात गेले, हुमनाबाद-भालकी म्हैसूर राज्यात आले. भाषा मात्र कुणी वाटून घेतल्या नाहीत. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दख्खनी, आणि हैदराबादच्या गाडीसोबत तेलुगू. माणिकनगर इथून हाकेच्या अंतरावर, आणि माणिकप्रभूंनीही पदं रचली ती एका भाषेत नाहीत. या सगळ्याचा अभिमान वाटतो, पण बेरीज करताना तो आड येतो. मी आठ हजार लिहायला जाते, तोवर कुणी ‘एळु साविर’ म्हणतो, कुणी ‘साडेसात’ म्हणतो, आणि कुठल्याही भाषेतला आकडा असो, तो थेट माझ्या रकान्यात येऊन बसतो. न कळणारी एखादी भाषा शिल्लक असती तर बरं झालं असतं, असं मी भर मोसमात मनातल्या मनात म्हणते.

कारकून मुलाने यावर कानात बोंडं घालण्याचा उपाय काढला. ऑफिसात ठीक, पण तो मधूनच अंगणात जातो आणि अंगणात ट्रक मागे येत असतात. म्हणून नियम केला, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं तर कान मोकळे.

पाऊण

लाइट गेली. मिल एकदम थांबली, पण बोलणारी माणसं थांबत नाहीत, आणि मग जी गंमत होते ती मिलमध्ये काम केल्याशिवाय कळणार नाही. आवाजात उभा असलेला माणूस नकळत आपला आवाज चढवतो. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली हे नोंदवलं आणि त्यांचंच नाव त्या प्रकाराला मिळालं. मिल चालू असताना इथला प्रत्येक जण ओरडत असतो आणि आपण साधं बोलतोय असं त्याला वाटतं. घरघराट गेल्यावर ते ओरडणं उघडं पडतं. एकदा सावकार ओट्यावरून आत येता येता दलालाला सांगत होते की अमक्या पार्टीला पन्नास रुपये खाली आला तरी माल देऊन टाक. लाइट गेली, आणि ते वाक्य खिडकीबाहेर बाकावर बसलेल्या त्याच पार्टीच्या माणसाने अगदी स्वच्छ ऐकलं. पन्नास रुपये खालीच गेले.

मग जनरेटर. १००० केव्हीएपर्यंतच्या डिझेल जनरेटरचा आवाज एक मीटरवर ७५ डेसिबलच्या वर जाऊ नये असा नियम आहे, आणि त्यासाठी तो पेटीबंदच विकला जातो. पण उन्हाळ्यात मशीन तापतं म्हणून कुणीतरी पेटीचं दार उघडं टाकतो आणि नियम त्या दारातून बाहेर पडतो. दार लावायचं तर पेटीच्या हवेच्या जाळ्या साफ ठेवाव्या लागतात. आमच्याकडे त्यांत भुसा जाऊन बसतो. महिन्यातून एकदा जाळी झाडण्याचं काम आता वहीत लिहिलेलं आहे.

दोन

जेवण. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगाची चटणी, आणि वरण आपल्याच मिलचं. या अर्ध्या तासात कुणालाही कितीही मोठ्याने बोलायची मुभा आहे.

तीन

एकदा याच वेळी मुकादम मामा आत आले. वयाने सावकारांहूनही वडील, मिल सुरू झाली तेव्हापासून रोलरपाशी. ते आत आले की खोलीतले सगळे मान वर करतात, कारण मामा बोलत नाहीत, पुकारतात. दाराबिरांची आणि पोत्याच्या चौकटींची सगळी कमाई त्यांच्या एका वाक्यात जाते.

‘अक्का, सात पोती भुसा गेला, लिहून घे.’

मी सात लिहिले, तेच शब्द परत म्हणून दाखवले. मामांनी मान हलवली. संध्याकाळी गोदामाच्या वहीशी ताळा घेताना कळलं, भुसा साठ पोती गेला होता. मामा साठच म्हणाले असतील की सातच, आणि मी उच्चारलेलं त्यांना कोणतं ऐकू आलं, हे आजही ठरवता येणार नाही. सात आणि साठ यांत फरक एका व्यंजनाचा, आणि मामांच्या कानातून नेमकी व्यंजनंच गळून गेली आहेत.

मोठ्या आवाजाने कान जातो तो असाच जातो. पहिला घाव साधारण ४००० हर्ट्‌झच्या आसपास बसतो. त, ठ, स, श, फ यांचा धारदारपणा ज्या वरच्या पट्ट्यांत असतो, ती बाजू आधी बोथट होते. स्वर बरेच दिवस नीट ऐकू येतात. त्यामुळे माणसाला आपण बहिरे होतोय असं वाटत नाही. लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं वाटतं. मामांचंही तेच म्हणणं. बीदरला नेऊन तपासणी केली तेव्हा डॉक्टरांनी कागदावरची खाली उतरलेली रेघ दाखवली आणि गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा, असं सांगितलं.

कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही हद्द आहे. आवाज ९५ वर गेला की वेळ निम्मी, चार तास. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे आलेला बहिरेपणा नोंद करण्याजोग्या रोगांत धरलेला होता. मामा आणि त्यांच्या बरोबरीचे हमाल यावर कानात कापूस घालतात. कापसाने समाधान मिळतं, आवाज फारसा अडत नाही.

ऑफिस शांत करायला निघालेल्या मला इथे उलटा हिशोब दिसला. मी दार बंद करून, भिंतीला पोती लावून ज्या मोठ्या आवाजांपासून पळत होते, त्यांतले निम्मे आवाज मिलनेच तयार केले होते. पंधरा-वीस वर्षं रोलरपाशी उभा राहिलेला माणूस ऑफिसात येऊन हळू बोलेल कसा? आपलं ऑफिस शांत करायचं असेल तर मिलपासून सुरुवात करायला हवी, हे सावकारांना मी कानांच्या नावाने सांगितलं नाही, सात-साठच्या नावाने सांगितलं. त्रेपन्न पोत्यांचा घोळ त्यांना लगेच समजला.

त्यांनी लगेच सुचवलं, दोन रोलरपैकी एक बंद ठेवू. तेही जमणारं नव्हतं. सारख्या आवाजाची दोन मशिनं असताना एक बंद केलं तर तीनच डेसिबल कमी होतात. कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटायला दहा कमी व्हावे लागतात. एक रोलर बंद म्हणजे निम्मा माल, आणि आवाज जवळपास तेवढाच.

मग मिस्त्रीला घेऊन मिलमध्ये फिरलो. सगळ्यात कर्कश जागा रोलर नव्हताच. एलिव्हेटरमधून तूर पत्र्याच्या घसरणीवर पडते आणि तिथून हॉपरमध्ये, तिथे टणटणाट. पत्रा मोकळा, त्यावर दाण्यांचा मारा, तो वाजणारच. आतून रबर लावावं तर ते खाण्याच्या मालाला चालणाऱ्या जातीचं हवं, आणि ते महाग. म्हणून पत्र्याला बाहेरून जाड रबर चिकटवलं. पत्र्याचं थरथरणं दबलं की वाजणंही दबतं. शिवाय हॉपर तळापर्यंत रिकामा होऊ द्यायचा नाही, थोडा माल राहू द्यायचा, म्हणजे वरचा दाणा पत्र्यावर न पडता दाण्यांवरच पडतो. यात खर्च शून्य, फक्त लक्ष ठेवावं लागतं. सैल झालेले बोल्ट आवळले, एका बेअरिंगला ग्रीस भरायला गेलो तर ते कोरडं ठणठणीत निघालं. डाळ निवडणाऱ्या सॉर्टेक्स मशिनचा कॉम्प्रेसर छपराखालून काढून मागे विटांच्या खोलीत नेला. तो धक्क्याधक्क्याने चालतो, आणि त्या धक्क्यांची माझ्या कानाला कधीच सवय झाली नव्हती.

पाच

ऊन उतरलं. अंगणात तेलपाणी देऊन वाळत घातलेली तूर हमाल गोळा करतात. खिडक्या उघडायची वेळ. मार्चनंतर आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि बंद खिडकीचा सगळा शहाणपणा घामात वाहून जातो. कूलर लावला तर तोही घुमतो. उन्हाळ्यात शांतता आणि हवा यांतलं एकच मिळतं. मी हवा घेते, आणि अवघड कामं सकाळच्या दीड तासात ढकलते.

जानेवारीत वीरभद्रेश्वराच्या जत्रेच्या दिवसांत कर्ण्यांचा आवाजही असतो. रात्री दहानंतर कर्णे बंद, हा नियम २००० सालचा. आमचं ऑफिस त्याआधीच बंद होत असल्यामुळे त्या वादात मला पडावं लागत नाही.

साडेसहा

दिवसाच्या शेवटी सावकारांनी पुडकं उघडलं. कानावर बसवायचे जाड मफ, डोक्यावरून पट्टी असलेले, हैदराबादहून मागवलेले. मामांना बोलावलं. मामांनी ते हातात उलटसुलट केले, लावले, काढले आणि परत टेबलावर ठेवले.

‘हे घालून रोलरवर कसं उभं राहायचं, सावकार?’

‘का? बोचतंय का?’

‘बोचत नाही. ऐकू येत नाही.’

‘तेच तर पाहिजे.’

‘तुम्हाला पाहिजे. पट्टा सैल झाला तर आवाज बदलतो, बेअरिंग जायलं तर आधी कुरकुरतं. खडा आला तर कळतं. हे सगळं मी कानावरच चालवायलो. कान झाकला आणि बेअरिंग गेलं, तर माझ्या पगारातून कापणार का?’

सावकारांनी माझ्याकडे पाहिलं. मामांचं म्हणणं खोटं नव्हतं. गेलेल्या कानानेही ते मशीन आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं ऐकतात. सात आणि साठ त्यांना कळत नाहीत, पण कोरडं बेअरिंग कळतं. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं. सॉर्टेक्स आणि कॉम्प्रेसरकडे मफ घालूनच जायचं, तिथे बिघाड झाला तर दिवा लागतो. रोलरपाशीही मफ डोक्यावर राहणार. तासातासाने ते काढून मशीन ऐकायचं आणि परत चढवायचे. आणि मामांच्या हाताखालच्या पोरांनी, ज्यांना अजून मशीन ऐकता येत नाही, त्यांनी पूर्ण वेळ घालायचे. पोरांना कुणी विचारलं नाही.

मामांनी एक जोड उचलला आणि जाता जाता दारातून पुकारलं, उद्या भुसा किती जाणार ते. मी कागद पुढे केला. त्यांनी आकड्यात लिहिलं: ६०.

मफचं बिल सावकारांनी माझ्या टेबलावर टाकलं. कोणत्या खात्यात घालायचं ते सांगितलं नाही. मी ‘यंत्रदुरुस्ती व देखभाल’मध्ये घातलं.